गाडी बोंबलतेय आणि सेल्फ घेईना: नवख्यांनी काय करावं

"मामा, मी रंकाळ्यावर अडकलोय. गाडी बोंबलायला लागलीय आणि सेल्फच घेईना. सगळी बघायला लागल्यात."

भाचीचा हा फोन आला ती जुलैमधली संध्याकाळ होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गाडी सेकंडहँड घेतलेली, लायसन्स हातात येऊन चार महिने झालेले. रिमोटची सगळी बटणं तिनं दाबून बघितली होती. कुणीतरी बॉनेट उघडून दोन वायरी हलवल्या होत्या. आणखी एकजण "सायरनची वायरच तोडा, लगेच सुरू होतीय बघा" असं सांगून पकड आणायला गेला होता. मी तिला म्हटलं, "वायर कुणालाही तोडू देऊ नकोस. चावी काढून खिशात ठेव आणि बॅटरीवरचं काळं टर्मिनल हातानं हलवून बघ." ते बोटानं गोल फिरत होतं. तिनं ते दाबून बसवलं, रिमोट दाबला, गाडी गप्प झाली आणि पहिल्या सेल्फला सुरू झाली.

हा लेख लिहितोय तो त्या पकडीमुळं. माझ्या आधीच्या गाडीत अलार्म असाच त्रास द्यायला लागला, तेव्हा एका दुकानात वायर तोडून, दोन टोकं पिळून, वर टेप गुंडाळून दिली. काम दहा मिनिटांत झालं म्हणून मी खूश होतो. सहा महिन्यांनी गगनबावड्याच्या घाटात ती पिळलेली वायर सुटली आणि गाडी वळणावर बंद पडली. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: अलार्म बोंबलतोय म्हणजे अलार्मच बिघडलाय असं धरून चालू नका. बऱ्याचदा बॅटरी उतरलेली असते, टर्मिनल ढिलं असतं, रिमोटचा सेल संपलेला असतो, नाहीतर गाडीला चावी ओळखता येत नसते. हे सगळं वायरीला हात न लावता तपासता येतं. कसं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम: गाडी आणि माणसं बाजूला

घराच्या दारात असाल तर प्रश्न नाही. रस्त्यात असाल तर आधी हॅझर्डचे इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, पोरांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेला उभं करा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर असाल तर डिकीतला लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवा आणि १०३३ ला फोन लावा, ती राष्ट्रीय महामार्गाची मदतसेवा आहे. घाटात असाल तर चाकाला दगड लावा, आणि गाडी सुरू झाल्यावर तो दगड आठवणीनं काढून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यात अडकू शकतो.

आता सायरन. रिमोटचं अनलॉकचं बटण एकदा दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. घाबरून सगळी बटणं दाबत सुटू नका. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये दोन बटणं एकत्र दाबली किंवा एखादं जास्त वेळ धरून ठेवलं की वेगळंच काहीतरी सुरू होतं. काहींमध्ये तर इंजिन बंद पाडायची सोयच असते, गाडी कुणी जबरदस्तीनं पळवली तर उपयोगी पडावी म्हणून. ती चुकून लागली की मूळ बिघाड राहतो बाजूला आणि दुसराच शोधत बसावं लागतं.

रिमोट चालतच नसेल तर चावीनं दार उघडा. सायरन जोरात होईल, होऊ दे. चावी इग्निशनला लावून ऑन करा. कंपनीतून आलेला अलार्म बऱ्याच गाड्यांमध्ये योग्य चावी ऑन झाली की गप्प होतो.

तुमच्या गाडीत नेमकं काय बसवलंय

दोन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट अलार्म म्हणतो आणि घोळ तिथंच होतो.

एक आहे कंपनीचा इमोबिलायझर. तो ओरडत नाही. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते, काही चाव्यांमध्ये काचेच्या नळीत बसवलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. इग्निशनच्या भोकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. चावी ऑन केली की या वेटोळ्यातून चिपला ऊर्जा मिळते, चिप आपला सांकेतिक क्रमांक सांगते, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, तो जुळवून बघतो आणि मगच इंजिन सुरू होऊ देतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या चिपला सेल लागत नाही. त्यामुळं चावीच्या रिमोटचा सेल संपला तरी दार चावीनं उघडून गाडी सुरू व्हायला पाहिजे. "सेल गेला म्हणून गाडी सुरू होईना" असं कुणी सांगितलं तर आधी ही गोष्ट आठवा.

दुसरा आहे दुकानातून बसवून घेतलेला अलार्म. त्याचा रिमोट चावीला वेगळा लटकलेला असतो, डॅशबोर्डवर चिकटवलेला बारीक एलईडी रात्री लुकलुकत असतो, बॉनेटखाली काळा भोंगा असतो आणि स्टेअरिंगखाली प्लॅस्टिकची एक डबी. हा अलार्म सेल्फच्या, इग्निशनच्या किंवा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या वायरीत मधे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, घालून गाडी अडवतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला हा प्रश्न विचाराच: अलार्म कधी बसवला, कुठं बसवला, त्याचं माहितीपुस्तक आहे का? आपल्याकडं गाड्या हात बदलत जातात आणि पुस्तक पहिल्याच घरात राहून जातं.

दिवा बघा, आवाज ऐका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी हीच राहते.

एसी, रेडिओ, हेडलाइट बंद करा. चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डकडं बघा. चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चित्र असलेला एक छोटा दिवा शोधा. सगळं ठीक असेल तर बहुतेक गाड्यांमध्ये तो दोन-तीन सेकंद लागून विझतो. तो भरभर लुकलुकत राहिला किंवा विझलाच नाही, तर गाडी तुमच्या चावीला ओळखत नाहीये. मग बॅटरी, सेल्फ यांच्या मागं न लागता थेट चावीकडं वळा.

आता क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबा आणि गिअर पी वर आहे ना ते बघा. नवीन गाड्या क्लच किंवा ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत, आणि गडबडीत पाय अर्धवट दाबला जातो. हे सांगताना कुणाला कमी लेखायचं नाही, माझ्याकडूनही झालंय. पायाखालचा मॅट सरकून क्लचच्या मागं अडकला तरी हेच होतं.

चावी फिरवल्यावर डॅशचे दिवे मंद होऊन "कट-कट-कट" असा आवाज आला तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे लख्ख आहेत, पण सेल्फचा आवाजच नाही, अगदी शांतता, तर अलार्मच्या रिलेनं सेल्फ अडवला असण्याची शक्यता आहे, सेल्फचाच बिघाडही असू शकतो. सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडतं आणि एक-दोन सेकंदांत विझतं, पुन्हा पकडतं, पुन्हा विझतं, आणि चावीचा दिवा लुकलुकतोय, तर तो इमोबिलायझर. दिवा व्यवस्थित विझला असेल आणि तरीही इंजिन पकडत नसेल तर पेट्रोल पंप किंवा त्याच्या वायरीतला रिले संशयित. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तो पंपाचा आवाज. एरवी आपलं लक्ष जात नाही. आजच आपल्या गाडीत एकदा कान देऊन ऐका, म्हणजे तो गायब झाला की कळेल.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. उतरत आलेली बॅटरी अशाच हट्टानं पूर्ण झोपते. त्यापेक्षा मोबाइल काढा आणि डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या: चावी ऑन, दिवे, सेल्फचा आवाज, वीस सेकंद पुरे. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी नेमकी शहाण्यासारखी सुरू होते, तेव्हा हा व्हिडिओच तुमची बाजू सांगतो.

चावी आणि रिमोट

घरात दुसरी चावी असेल तर ती मागवा. दुसऱ्या चावीनं गाडी पटकन सुरू झाली तर गाडी ठीक आहे, पहिल्या चावीची चिप गेली किंवा हलली. दुसरी चावी नसेल तर जुडग्यातून गाडीची चावी एकटी काढा. घराच्या किल्ल्या, लोखंडी कीचेन, दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी, सगळं बाजूला. त्या वेटोळ्याजवळ धातू किंवा दुसरी चिप आली की पहिलीचा क्रमांक नीट पोहोचत नाही. स्टेअरिंगजवळ मोबाइलचा स्वस्तातला चार्जर लावला असेल तर तोही काढा. मग चावी सावकाश ऑन करून दहा सेकंद तशीच ठेवा, काढा, पुन्हा लावा.

एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. चावीचं प्लॅस्टिक फुटलं म्हणून रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नवी मूठ बसवून घेतली जाते. बटणांची पट्टी नव्या मुठीत येते, दार उघडतं, सगळं छान वाटतं, आणि चिप मात्र जुन्या मुठीच्या खाचेत चिकटून कचऱ्यात गेलेली असते. रिमोट आणि चिप या बऱ्याच चाव्यांमध्ये वेगवेगळ्या असतात. मूठ बदलताना समोर उभं राहा, चिप कुठली ते दाखवायला सांगा आणि गाडी सुरू करून बघितल्याशिवाय जुनी मूठ टाकू देऊ नका.

रिमोटचा सेल बदलणं घरी जमतं. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरा. रिमोटच्या कडेच्या खाचेत नाणं घालून हलकेच फिरवा, दोन पाखं सुटतील. आत नाण्यासारखा सेल दिसेल, त्यावर सीआर २०३२, सीआर २०२५, सीआर १६२० असा काहीतरी क्रमांक असतो. तोच क्रमांक आणा, "हा बी बसतोय की" म्हणून दिलेला जाड-बारीक सेल नको. हे सेल ३ व्होल्टचे. बाहेरच्या अलार्मच्या रिमोटमध्ये मात्र बऱ्याचदा करंगळीच्या पेरापेक्षा थोडा लांब, गोल, १२ व्होल्टचा सेल असतो, २३ए किंवा २७ए. दोन्ही लांबीला जवळपास सारखे, २७ए अंगानं बारीक, त्यामुळं दुकानात अदलाबदल होते. जुना सेल बरोबर न्या. सेल काढल्यावर आतली पितळी पट्टी बघा. भाचीच्या रिमोटमधली पट्टी तपकिरी झाली होती आणि एका टोकाला हिरवट ठिपका होता. रेनकोटच्या खिशात रिमोट ठेवायची सवय, ओलावा आत गेलेला. पेन्सिलीच्या खोडरबरानं घासल्यावर पट्टी परत चमकली आणि नवीन सेल न घालताच रिमोट दहा पावलांवरून चालायला लागला. सेल तरीही बदला, मिसळीच्या एका प्लेटच्या पैशात येतो.

बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल आणि "चावी सापडत नाही" असा संदेश दिसत असेल, तर रिमोटचं अंग स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, ब्रेक दाबा आणि बटण दाबा. सेल मेला तरी बहुतेक गाड्या अशा सुरू होतात. काही गाड्यांमध्ये रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, पुस्तकात चित्र असतं. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी चावीही आत्ताच एकदा बाहेर काढून बघा, दार उघडायला ती लागते.

बॅटरी

कोल्हापुरात निम्मी कामं दुचाकीवर होतात. गाडी रविवारी जोतिबाला किंवा पन्हाळ्याला, एरवी कव्हरखाली. पण अलार्म चोवीस तास जागा असतो, त्याला थोडाथोडा करंट लागतोच. त्यात डॅशकॅम आणि जीपीएस असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत बॅटरी खाली येते. व्होल्टेज पडलं की अलार्मच्या डबीला वाटतं कुणीतरी वायर ओढतंय, आणि ती बोंबलायला लागते. बोंबलण्यात उरलेली बॅटरी जाते. रात्री दोनला गल्ली जागी करणाऱ्या गाड्यांत अशा बऱ्याच असतात.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ ला निम्मी, ११.८ च्या खाली गेली तर उतरलेली. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर बॅटरी कितीही चार्ज करा, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, ती भरतच नाहीये.

मीटर नसेल तर डोळे आणि हात वापरा. चावी काढून खिशात ठेवा, बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमली आहे का? टर्मिनल हातानं फिरतं का? फिरायला नको. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काढताना आधी काळं, म्हणजे निगेटिव्ह, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळं. हा क्रम चुकवू नका, लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. त्याच कारणानं जवळ विडी-सिगारेट कुणी ओढू नये. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं ती पावडर घासा, पाण्यानं पुसा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

काळं टर्मिनल काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर गोंधळलेली अलार्मची डबी कधीकधी ताळ्यावर येते. पण आधी दोन गोष्टी बघा. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा आणि चावी स्वतःच्या अंगावर ठेवा, कारण बॅटरी परत जोडली की सेंट्रल लॉक खटकन लागू शकतं आणि चावी आत राहते. दुसरं, काही भोंग्यांत स्वतःची छोटी बॅटरी असते, मुख्य बॅटरी काढली की ते आणखी जोरात ओरडतात. भोंग्याच्या अंगावर बारीक चावीचं भोक दिसलं तर समजा तो त्यातला आहे.

दुसऱ्या गाडीवरून जंप करायचं असेल, म्हणजे तिच्या बॅटरीची वीज केबलनं घेऊन आपली गाडी सुरू करायची असेल, तर असं करा. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल केबलचं एक टोक मेलेल्या बॅटरीच्या लाल टर्मिनलला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या लालला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या काळ्याला, आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवर, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. केबल उलट्या क्रमानं काढा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूजच काय, ईसीयूही जाऊ शकतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर मदतीला ट्रक लगेच थांबतात, ड्रायव्हर मनानं मोठे असतात, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिथून आपल्या १२ व्होल्टच्या गाडीला जंप घेऊ नका. दुसरी कार गाठा.

आणि धक्का स्टार्ट? गिअरची गाडी असेल आणि बॅटरीच थोडी कमी पडत असेल तर कधीतरी चालतं. इमोबिलायझरनं अडवलेली गाडी मात्र तुम्ही रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून ढकलत आणली तरी सुरू होणार नाही. ज्या गाडीचा चावीचा दिवा लुकलुकतोय तिला ढकलून माणसं दमवू नका.

बाहेरून बसवलेल्या अलार्मशी वागताना

अशा अलार्मला बहुतेक वेळा एक छुपं बटण दिलेलं असतं, व्हॅले बटण म्हणतात त्याला. स्टेअरिंगखाली, फ्यूजच्या डब्याजवळ, कधी हँडब्रेकच्या बाजूला. रिमोट हरवला किंवा मेला तरी गाडी सुरू करता यावी म्हणून ते असतं. सर्वसाधारण पद्धत अशी: दार चावीनं उघडायचं, चावी ऑन करायची, आणि काही सेकंदांच्या आत ते बटण दाबायचं किंवा दाबून धरायचं. किती सेकंद, किती वेळा, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. पुस्तक नसेल तर रिमोटच्या मागचा मॉडेल क्रमांक घेऊन बसवणाऱ्या दुकानात विचारा. बटण कुठं आहे हे अडचण आल्यावर टॉर्च घेऊन शोधण्यापेक्षा या रविवारी शोधून ठेवा.

रिमोटनं उघडून अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर बरेच अलार्म स्वतःहून पुन्हा लॉक होतात. तुम्ही सामान डिकीत ठेवत असता, अलार्म परत जागा होतो, आणि सेल्फ मारल्यावर गाडी ओरडते. इथं काहीच बिघडलेलं नसतं, रिमोट पुन्हा एकदा दाबला की झालं.

विनाकारण ओरडण्याची आणखी दोन कारणं. एक म्हणजे शॉक सेन्सर, गाडीला बसलेला हादरा ओळखणारा. त्याच्या डबीवर एक बारीक स्क्रू असतो, त्यानं संवेदनशीलता कमी-जास्त होते. गणपतीत महाद्वार रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत डॉल्बीचा ठोका पडला की उभ्या गाड्या एकामागून एक ओरडतात, ते याच सेन्सरमुळं. स्क्रू अर्धा वळसा कमी करून बघा. दुसरं म्हणजे बॉनेटचा स्विच. बॉनेटच्या कडेला रबरी टोपी घातलेली एक पिन असते, बॉनेट बंद झालं की दबते. आपल्याकडच्या पावसात ती गंजते, अर्धवट दबते, आणि अलार्मला वाटतं बॉनेट उघडलंय. पिन साफ करा, नाहीतर बदलून घ्या. दारांच्या चौकटीतल्या स्विचचंही तसंच.

उंदीर आणि पाणी

उपनगरात, उसाच्या रानाला लागून घरं झाली आहेत, फुलेवाडीपासून उचगावपर्यंत. तोडणी झाली की उंदीर घरांकडं आणि गाड्यांकडं येतात. उबदार इंजिनावर बसतात आणि वायरी कुरतडतात. काल रात्री ठीक असलेली गाडी सकाळी एकदम चिडीचूप झाली असेल, तर बॉनेट उघडून बॅटरीच्या ट्रेवर आणि इंजिनावरच्या झाकणावर लेंड्या, कापसाचे बोळे, वायरीचे रंगीत कपटे दिसतात का बघा. दिसले तर सेल्फ मारू नका, सोललेल्या वायरी एकमेकींना टेकून शॉर्ट होतात. काळं टर्मिनल काढा आणि गाडीच्या वायरमनला घरी बोलवा.

पुराचं तर आपल्याला नव्यानं सांगायला नको, २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षं बघितली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की गाडी उंचावर न्या, ४३ ची धोका पातळी यायची वाट बघू नका. गाडीत पाणी शिरून गेलं असेल तर अलार्मची डबी, बऱ्याच गाड्यांचा फ्यूजबॉक्स आणि वायरींचे कपलर हे सगळं स्टेअरिंगखालीच असल्यानं भिजलेलं असतं, आणि अलार्म वेडंवाकडं वागणारच. अशा गाडीला चावी ऑनसुद्धा करू नका. इंजिनात पाणी गेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनातला पिस्टनचा दांडा, वाकतो, आणि असं नुकसान इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर विम्यातून मिळवताना फार त्रास होतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टोइंगनं हलवा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर

मी गगनबावड्यात अनुभवलं ते एवढ्यासाठी सांगतो. अलार्मचा रिले इग्निशन किंवा पंपाच्या वायरीत असेल आणि जोड कच्चा असेल तर इंजिन चालता चालता जातं. स्टेअरिंग एकदम जड होतं, ब्रेक पहिले एक-दोन वेळा लागतो आणि मग दगडासारखा कडक होतो. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच जोर लावून दाबून धरा, हॅझर्ड लावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढत कडेला घ्या. चावी बाहेर काढू नका. चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं आणि घाटात ते जीवावर बेततं. गाडी पूर्ण थांबली, हँडब्रेक ओढला, मगच चावी.

म्हणून बाहेरचा अलार्म बसवून घ्यायचाच असेल तर रिले सेल्फच्या वायरीत बसवायला सांगा. त्यानं गाडी सुरू होण्यापासून अडेल, चालत्या गाडीला काही करणार नाही.

वायरमनकडं गेल्यावर

शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचं आणि गाड्यांचं काम जाणणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, शहरभर चांगले ऑटो इलेक्ट्रिशियनही आहेत. बाहेरचा अलार्म असेल तर त्यांच्याकडं जा. चावीचा दिवा लुकलुकत असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठा, कारण चिपवाली चावी त्या गाडीच्या ईसीयूला जोडायला स्कॅनर आणि कोड लागतो. जाताना आरसी, ओळखपत्र आणि उरलेल्या सगळ्या चाव्या न्या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुठलीही वायर सोलण्याआधी तिथंच विचारा.

वायरमनला "अलार्म बंद करून टाका" असं मोघम सांगू नका. असं सांगितलं की भोंगा कापला जातो आणि गाडी अडवणारा रिले आतच राहतो. म्हणजे पुढच्या वेळी गाडी मुकाट्यानं अडेल. सांगायचं असं: "भोंगा, डबी, रिले सगळं काढा आणि तोडलेली मूळ वायर सोल्डर करून जोडा." जोडावर टेपऐवजी गरम केल्यावर आवळणारी नळी घालायला सांगा. समोर उभं राहून बघा. सोल्डरचा जोड गुळगुळीत चमकतो, नुसत्या पिळलेल्या वायरीचे केस बाहेर आलेले दिसतात. काढलेला रिले आणि डबी मागून घ्या. विम्यात चोरीरोधक यंत्राची सूट घेतली असेल तर ते काढल्याचं विमा कंपनीला कळवा.

दुसरी चावी घरातच ठेवा, गाडीत नको. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, त्यामुळं एखादी हरवली तर पोलिसांकडं नोंद करून ती पावती आरसीच्या फाइलला लावा. भाचीनं आता डिकीत एक डबा ठेवलाय. त्यात दहा नंबरचा पाना, जंपर केबल, टॉर्च, रिमोटचा एक जादा सेल आणि व्हॅले बटण कुठं आहे ते पेननं लिहिलेला कागद आहे. तिच्या गाडीत ते बटण हँडब्रेकच्या डाव्या बाजूला, कार्पेटखाली सापडलं. शोधायला आम्हाला पाऊण तास लागला.